‘फीट.’च्या पुढचं नाव

ड्रॉपवर आपण सगळेच नाचतो. पण त्या ड्रॉपपर्यंत आपल्याला घेऊन येणारा आवाज कोणाचा, हे कितीजणांना माहीत असतं?

माझं पहिलंवहिलं संगीत परीक्षण छापून आलं, त्या दिवशी मी स्टॉलवरून पेपरच्या पाच प्रती घेतल्या. एक आईसाठी, एक आजीसाठी, एक कपाटात जपून ठेवायला आणि दोन उगाच. परीक्षण कसलं, दोनशे शब्दांची चौकट होती. आमच्या कॉलेज फेस्टमध्ये वाजलेल्या एका डबस्टेप ट्रॅकबद्दल. ट्रॅक माझ्या मित्राने बनवलेला, हॉस्टेलच्या खोलीत, लॅपटॉपवर, रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीला गादी लावून. मी अगदी मन लावून लिहिलं होतं. बेस छातीत कसा घुमतो, ड्रॉपच्या आधी अर्धा सेकंद सगळं कसं चिडीचूप होतं, वगैरे वगैरे. मित्राचं नाव तीनदा आलं होतं.

एकच गोष्ट खटकत होती. खाली माझं नाव नव्हतं. नुसतं ‘प्रतिनिधी’ छापलं होतं. इंटर्नला लगेच बायलाइन मिळत नाही हे माहीत होतं, तरी दिवसभर तोंड पाडून बसलो होतो. संध्याकाळी मेसेज आला. आमच्याच वर्गातल्या एका मुलीचा.

‘मस्त लिहिलंयस. फक्त गाणं म्हटलंय कोणी, ते राहिलं बघ.’

त्या ट्रॅकमध्ये आठ ओळी आहेत. आठही तिने गायल्यात आणि त्यातल्या चार तिनेच लिहिल्यात. फेस्टमध्ये पोरं बेंबीच्या देठापासून जे ओरडत होती, तो काही बेस नव्हता. बेस ओरडता येत नाही. पोरं तिच्या ओळी ओरडत होती. आणि स्वतःच्या नावासाठी दिवसभर फुगून बसलेल्या मी तिचं नाव खाऊन टाकलं होतं.

मग पाहिलं, तर अपलोड केलेल्या ट्रॅकवरही तिचं नाव नव्हतं. मित्राला विचारलं. तो हेडफोन न काढताच म्हणाला, ‘‘अरे, तिचा फक्त आवाज आहे. ट्रॅक माझा आहे ना!’’

‘फक्त आवाज.’ हे दोन शब्द काही डोक्यातून जाईनात. म्हणून गेले काही दिवस मी डबस्टेप आणि बेस म्युझिकमधली जुनी-नवी गाणी पुन्हा ऐकतोय. यावेळी गाण्याच्या नावाशेजारची बारीक अक्षरंसुद्धा वाचतोय. ऐकून, वाचून मत पक्कं झालंय. या संगीतात आवाज ‘फक्त’ कधीच नव्हता. आणि गाणाऱ्याचं नाव नीट न लिहिणाऱ्या प्रोड्युसरचा ट्रॅक अर्धवटच म्हणायचा, मग बेस कितीही भारी असो.

सुरुवात गायकाला बाहेर काढून

डबस्टेप ऐकत नसाल तर थोडक्यात सांगतो. मिनिटाला साधारण १४० ठोके, पण ड्रम असे वाजतात की गाणं निम्म्या वेगाने चाललंय असं वाटतं. खाली सब-बेस. म्हणजे इतका खालचा सूर, की मोबाइलच्या स्पीकरवर तो जवळपास ऐकूच येत नाही. मोठ्या स्पीकरसमोर उभं राहिलात की तो कानांच्या आधी बरगड्यांना कळतो. विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोरून कधी गेला असाल तर मी काय म्हणतोय ते लक्षात येईल.

यातला ‘डब’ आला जमैकातून. १९७० च्या आसपास किंग्स्टन शहरात किंग टबी नावाचा एक इलेक्ट्रॉनिक्सवाला होता. दुरुस्तीची कामं करायचा, स्वतः अॅम्प्लिफायर बांधायचा. रेगेच्या रेकॉर्डिंगमधून तो गायकाचा आवाज काढून टाकायचा. मागे उरायचे ड्रम आणि बेस. मग त्यात एको घाल, रिव्हर्ब घाल, मध्येच गायकाचा एखादा शब्द येऊ दे आणि लगेच गायब कर. हे झालं डब. म्हणजे या संगीताची सुरुवातच गायकाला बाहेर काढण्यापासून झाली! मित्राला हे सांगितलं असतं तर तो जाम खूश झाला असता.

पण गोष्ट तिथे संपत नाही. आवाज काढल्यामुळे जी जागा रिकामी झाली, तिथे लगेच माइक घेऊन दुसरे लोक उभे राहिले. यू-रॉय हे त्यातलं मोठं नाव. तो टबीच्या साउंड सिस्टिमवर बीटच्या वर तालात बोलायचा, लोकांना डिवचायचा, हसवायचा. याला ‘टोस्टिंग’ म्हणत. १९७० मध्ये या माणसाच्या रेकॉर्ड जमैकात इतक्या चालल्या, की नुसता ‘बोलणारा’ स्टार झाला. एक आवाज काढला, तर लोकांनी दुसरा आणून बसवला. रिकाम्या बेसवर गर्दी फार काळ राहत नाही, हे तेव्हाच कळलं होतं.

पुढचा टप्पा लंडनचा. शहराच्या दक्षिणेला क्रॉयडन नावाचा भाग आहे. तिथे ‘बिग अॅपल रेकॉर्ड्स’ नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. हॅचा हा डीजे तिथे कामाला होता आणि स्क्रीम, बेंगा ही शाळकरी वयातली पोरं तिथे पडीक असायची. घरच्या कॉम्प्युटरवर ट्रॅक बनवायचे आणि दुकानात आणून वाजवायचे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इथेच आणि आसपास डबस्टेप तयार झालं. मग ‘एफडब्ल्यूडी’ नावाच्या क्लब-रात्री, तेव्हा विनापरवाना चालणारं ‘रिन्स एफएम’, आणि २००५ पासून ब्रिक्स्टनमधल्या ‘डीएमझेड’च्या पार्ट्या. सुरुवातीचे ट्रॅक बरेचसे बिनशब्दांचे होते. पण तिथेही डीजेशेजारी माइकवर एमसी असायचाच.

आणि हळूहळू रेकॉर्डवरही आवाज आला. २००६ मध्ये ‘हायपरडब’ या लेबलवर ‘मेमरीज ऑफ द फ्यूचर’ हा अल्बम आला. त्याच्या कव्हरवर दोन नावं आहेत: कोड नाइन आणि द स्पेसएप. एक प्रोड्युसर, दुसरा कवी. स्पेसएपचा तो संथ, खोल आवाज बाजूला काढला तर त्या अल्बममध्ये काय उरेल, हे तुम्हीच ऐकून ठरवा.

चार प्रकारची नावं

गाण्यांची नावं वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की प्रोड्युसर आणि गायक यांचं नातं साधारण चार प्रकारे लिहिलं जातं.

पहिला प्रकार, पाहुणा. म्हणजे आपलं ओळखीचं ‘फीट.’ २०११ च्या जुलैमध्ये डीजे फ्रेशचं ‘लाउडर’ ब्रिटनच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं. तिथे नंबर वन झालेलं पहिलं डबस्टेप गाणं म्हणून ते ओळखलं जातं. आवाज सिआन इव्हान्सचा. ‘कोशीन’ या बँडची ही गायिका तेव्हा काही नवखी नव्हती. गाणं आठवायचं म्हटलं की तोंडात तिचीच ओळ येते, पण बोलताना आपण म्हणतो ‘डीजे फ्रेशचं लाउडर’.

दुसरा प्रकार, बँडचा सदस्य. ‘लाउडर’नंतर थोड्याच आठवड्यांत नीरो या ग्रुपचं ‘प्रॉमिसेस’ नंबर वन झालं. त्यात गाणारी अलाना वॉटसन ही पाहुणी नाही. डॅन स्टीफन्स आणि जो रे यांच्यासोबत ती नीरोचाच भाग आहे. गाणं तिघांचं, नाव तिघांचं.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो. २०१० मध्ये बेंगाने बनवलेल्या बीटवर केटी बी नावाची मुलगी गायली. ती तेव्हा लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये शिकत होती, म्हणजे आपल्यासारखीच कॉलेजवाली. ते गाणं तिच्या नावाने आलं. नुसतं नावाने नाही, गाण्याच्या शीर्षकातच तिचं नाव आहे: ‘केटी ऑन अ मिशन’. ब्रिटनच्या यादीत ते पाचव्या नंबरपर्यंत गेलं. यामुळे बेंगाचं काही कमी झालं का? अजिबात नाही. त्याच वर्षी बेंगा, स्क्रीम आणि आर्टवर्क या तिघांच्या ‘मॅग्नेटिक मॅन’चा अल्बम आला आणि त्यातल्या ‘परफेक्ट स्ट्रेंजर’वर केटी बी पाहुणी म्हणून गायली. एकदा ही यजमान, एकदा ते यजमान. हिशेब बरोबर.

चौथा प्रकार, बरोबरीचा. २०२३ च्या जानेवारीत आलेलं ‘रंबल’ तुम्ही ऐकलंच असेल. नसेल तर हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नको. त्यावर नावं अशी आहेत: स्क्रिलेक्स, फ्रेड अगेन आणि फ्लोडॅन. मध्ये ‘फीट.’ नाही, नुसते स्वल्पविराम. फ्लोडॅन हा लंडनच्या ‘रोल डीप’ या ग्राइम ग्रुपमधला जुनाजाणता एमसी. २००७ मध्येच त्याने किलर पी सोबत ‘द बग’च्या ‘स्केंग’वर असा काही आवाज लावला होता, की तो ट्रॅक आजही बेसच्या पार्ट्यांमध्ये वाजतो. म्हणजे दीड दशक हा माणूस हेच करत होता. २०२४ च्या ग्रॅमीत ‘रंबल’ला सर्वोत्कृष्ट डान्स/इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डिंगचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तो तिघांचा होता.

स्क्रिलेक्सबद्दल जुन्या डबस्टेपवाल्यांच्या तक्रारी आहेत. त्याने हे संगीत फार कर्कश केलं म्हणतात, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. पण नावांच्या बाबतीत त्याचा २०२३ चा ‘क्वेस्ट फॉर फायर’ हा अल्बम बघाच. जवळजवळ प्रत्येक गाण्यावर कोणी ना कोणी आहे. मिसी एलियट आहे, पॅलेस्टिनी गायिका नाई बरघूती आहे, ब्रिस्टलचा जोकर आहे, फ्लोडॅन तर आहेच. लॅपटॉपसमोर एकटा बसलेला पोरगा ही बेस म्युझिकची आपल्या डोक्यातली प्रतिमा. ती आता पुसायला हवी. हे संगीत चार-पाच लोकांनी मिळून केलेलं काम आहे.

चेहरा दुसरीचा, आवाज तिचा

पण हे स्वल्पविराम फुकट आलेले नाहीत. त्यासाठी आधीच्या पिढीतल्या बायकांना भांडावं लागलंय.

१९८९ मध्ये ब्लॅक बॉक्स या इटालियन ग्रुपचं ‘राइड ऑन टाइम’ गाजलं. ब्रिटनमध्ये सहा आठवडे नंबर वन. व्हिडिओमध्ये एक मॉडेल ओठ हलवत होती. आवाज होता लोलिएटा हॉलोवेचा, तिच्या १९८० च्या ‘लव्ह सेन्सेशन’ या गाण्यातून उचललेला. पुढच्या वर्षी सी अँड सी म्युझिक फॅक्टरीचं ‘गॉना मेक यू स्वेट’ आलं. आजही लग्नाच्या संगीतापासून क्रिकेटच्या मॅचपर्यंत कुठेही ते वाजतं. आवाज मार्था वॉशचा, व्हिडिओत ओठ हलवणारी गायिका भलतीच. कारण सरळ होतं. मार्थाचा आवाज हवा होता, तिची शरीरयष्टी नको होती. मार्था कोर्टात गेली, कंपन्यांना तडजोड करावी लागली, आणि नाचाच्या गाण्यांवर गायिकेचं नाव नीट छापायची शिस्त तिथून पुढे लागत गेली. आज आपण सहज ‘फीट.’ लिहितो, त्यात या बाईच्या भांडणाचा वाटा आहे.

हे सगळं मी ऑफिसात मोठ्या उत्साहाने सांगत होतो. फीचर डेस्कवरचे आमचे एक ज्येष्ठ उपसंपादक पान बघता बघता ऐकत होते. चष्मा वर करून म्हणाले, ‘‘लंडन-अमेरिकेला कशाला जातोस? ‘कामिनी’ माहितीये का?’’

मला माहीत नव्हती. तुम्हालाही माहीत नसेल तर ऐका. १९४९ मध्ये ‘महल’ हा सिनेमा आला. त्यातलं ‘आएगा आनेवाला’ देशभर गाजलं. रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी हे मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव! रेडिओवर पत्रं यायला लागली, ही गाणारी कोण? मग नाव शोधलं गेलं आणि रेडिओवरून सांगितलं गेलं. ती होती लता मंगेशकर. तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

पुढे रेकॉर्डवर गायकांची नावं यावीत म्हणून लताबाईंनी आग्रह धरला. फिल्मफेअरमध्ये गायकांसाठी पुरस्कारच नव्हता. नुसतं संगीतकाराला बक्षीस मिळणार असेल तर मी समारंभात गाणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. १९५९ पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला. ‘‘लताला नावासाठी भांडावं लागलं,’’ सर म्हणाले, ‘‘तुझ्या वर्गातली पोरगी तर निदान मेसेज करून थांबली.’’

मी गप्प.

आपल्याकडे काय चाललंय?

खरं सांगायचं तर वाईट नाही. न्यूक्लियाने म्हणजे उद्यान सागरने आपल्याकडच्या रस्त्यावरच्या आवाजाला बेसची जोड दिली आणि कॉलेजच्या मैदानांवर हे संगीत पोहोचवलं. त्याच्या २०१५ च्या ‘बेस रानी’ अल्बममधलं ‘लौंग गवाचा’ बघा. मूळ पंजाबी लोकगीत, आवाज अवनीत खुरमीचा, आणि नावाशेजारी तसं स्पष्ट लिहिलेलं. अंधेरीच्या डिव्हाइनसोबतचं त्याचं ‘जंगल राजा’ आपण दोघांचं म्हणूनच ओळखतो. २०२४ मध्ये ‘तांबडी चामडी’ने धुमाकूळ घातला. ते डबस्टेप नाही, हाऊस आहे. पण त्यावरही दोन नावं शेजारी शेजारी आहेत: क्रेटेक्स आणि श्रेयस. एकाचा बीट, एकाचे शब्द. मराठी गाणं क्लबात वाजलं ते दोघांमुळे, आणि गाणं शोधताना तुम्हाला दोघंही सापडतात.

गडबड होते ती आपल्या पातळीवर. हॉस्टेल, फेस्ट, यूट्यूब चॅनल, शॉर्ट फिल्म. इथे सगळं मैत्रीत चालतं आणि मैत्रीत कोणी काही लिहून घेत नाही. ‘चल ना, दोन ओळी म्हण, ट्राय करून बघू.’ दोन ओळींच्या आठ होतात, ट्रायचं फायनल होतं, आणि अपलोड करताना घाईत एकच नाव टाकलं जातं. यात कोणी खलनायक नसतो. माझा मित्रही नाही. पण ज्याच्या लॅपटॉपवर फाइल आहे तो मालक, हा नियम आपण कधी मान्य केला?

प्रोड्युसरची बाजू

मित्राशी यावरून दोन तास वाद झाला. त्याची बाजूही सांगायला हवी, कारण ती अगदीच फालतू नाही.

तो म्हणाला, ‘‘तिने अर्ध्या तासात रेकॉर्ड केलं. मी एका स्नेअरवर चार रात्री घालवल्यात. आणि लोक मला काय म्हणतात? बटणं दाबतोस.’’ हे खरं आहे. आपल्याकडे गायकाला कलाकार मानतात आणि लॅपटॉपवाल्याला टेक्निशियन. त्याचा राग मला कळतो.

मग त्याने हुकमी पत्ता काढला. ‘‘बरियल ऐक. ‘अनट्रू’ ऐक.’’ २००७ चा हा अल्बम डबस्टेपमधला सगळ्यात गाजलेल्या अल्बमपैकी एक. त्यात माणसांचे आवाज आहेत, पण तुटलेले. सूर वर-खाली करून, ताणून, चिरून वापरलेले. बाई गातेय की पुरुष, कळत नाही. ‘आर्कएंजल’मधला आवाज अमेरिकन गायक रे जे याच्या गाण्यातून घेतलेला आहे, हे सांगितल्याशिवाय कळणारही नाही. आणि बरियलने स्वतःचं नावही कितीतरी दिवस लपवलं होतं. २००८ मध्ये मर्क्युरी पुरस्कारासाठी नामांकन झालं, पत्रकार मागे लागले, तेव्हा कुठे विल्यम बेवन हे नाव त्याने सांगितलं. ‘‘म्हणजे,’’ मित्र म्हणाला, ‘‘आवाज हा कच्चा माल आहे. लाकूड कुठल्या झाडाचं, हे सुतार सांगत बसतो का?’’

मला ‘अनट्रू’ प्रचंड आवडतो. आवाज तोडून त्याचं दुसरंच काहीतरी करणं ही कला आहे, हे मान्य. पण लाकूड मेसेज करत नाही ना. बरियलच्या गाण्यात कोणाला तरी बोलावून, माइकसमोर उभं करून, तिच्याकडून ओळी लिहून घेऊन मग तिला पुसून टाकलेलं नाही. माझ्या मित्राच्या ट्रॅकमध्ये ती खोलीत आली होती. घसा बसलेला असताना सतरा टेक दिले होते. दुसऱ्या ओळीतला शब्द बीटवर बसत नव्हता, तो तिने बदलला होता. याला कच्चा माल म्हणत नाहीत, याला सोबत केलेलं काम म्हणतात.

आणि लॅपटॉपवाल्याला नाव मिळत नाही, हे दुःख असेल तर त्याच्यावर उपाय गायिकेचं नाव खोडणं हा कसा? नाव म्हणजे काही एक भाकरी नाही, की तिला अर्धी दिली तर तुझी अर्धी उरेल.

‘‘नावाने पोट भरतं का?’’ हा त्याचा शेवटचा प्रश्न. नाही भरत. पण पोट भरायची वाट नावावरूनच जाते. हे कसं, ते मला अपलोडचा फॉर्म नीट वाचल्यावर कळलं. गाणं स्ट्रीमिंगवर टाकताना मुख्य कलाकार, पाहुणा कलाकार, गीतकार, प्रोड्युसर असे वेगवेगळे रकाने असतात. मुख्य किंवा पाहुणा कलाकार म्हणून नाव टाकलं तर ते गाणं त्या गायिकेच्या स्वतःच्या पानावरही दिसतं. तिचे ऐकणारे वाढतात, पुढचा प्रोड्युसर तिला शोधू शकतो, पुढचा कार्यक्रम मिळतो. रकाना रिकामा ठेवला तर त्या गाण्यापुरती ती अस्तित्वातच नाही. एक रकाना भरायला दहा सेकंद लागतात.

शिवाय हा नुसता सौजन्याचा मामला नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यातल्या कलम ३८ ब नुसार, आपण केलेल्या सादरीकरणाचा कलाकार म्हणून आपली ओळख दिली जावी, असा हक्क सादर करणाऱ्याला आहे. सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टीचाही हक्क आहे. हॉस्टेलच्या खोलीला कायदा लागू होत नाही असं कुठेही लिहिलेलं नाही.

आता तर जास्तच गरज

एक शेवटचा मुद्दा. आता आवाजाची नक्कल करायला माणूस लागत नाही. २०२३ मध्ये ड्रेक आणि द वीकेंड यांच्या नकली आवाजातलं एक गाणं जगभर फिरलं आणि मग स्ट्रीमिंगवरून काढावं लागलं. आपल्याकडे २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आपल्या आवाजाच्या एआय नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि न्यायालयाने त्यांना संरक्षण दिलं. पुढच्याच वर्षी आशा भोसले यांनाही असाच दिलासा मिळाला.

अरिजित आणि आशाताई कोर्टात जाऊ शकले. त्यांचा आवाज कोणाचा, हे सिद्ध करावं लागत नाही, देश ओळखतो. माझ्या वर्गातल्या मुलीचं काय? उद्या कोणी तिचा आवाज उचलून दुसऱ्या ट्रॅकवर बसवला, तर ‘हा माझा आवाज आहे’ हे ती कशाच्या जोरावर सांगणार? जिथे पहिल्यांदा गायली, तिथेच तिचं नाव नसेल, तर पुढे कुठेच नसेल.

म्हणून कॉलेजातल्या तमाम बेडरूम प्रोड्युसर मंडळींना साधी विनंती. रेकॉर्डिंगच्या दिवशीच एका कागदावर लिहा: बीट कोणाचा, शब्द कोणाचे, आवाज कोणाचा, चार पैसे आलेच तर वाटणी कशी. खाली सगळ्यांच्या सह्या. मैत्री कागदाने तुटत नाही, कागद नसल्याने तुटते. आणि ऐकणाऱ्यांनो, गाणं आवडलं तर त्याच्या शेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवा, क्रेडिट्स उघडा, नावं वाचा. स्टोरीला गाणं टाकताना दोघांना टॅग करा.

मित्राचं काय झालं? दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने फॉर्म दुरुस्त करायला घेतला. पाहुणा कलाकार म्हणून नाही, मुख्य कलाकार म्हणून, स्वतःच्या नावाशेजारी, मध्ये स्वल्पविराम. ‘‘केटी बीसारखं शीर्षकात नाही टाकणार हं,’’ एवढं मात्र बजावलं.

मी तिला म्हटलं, या लेखात तुझं नाव छापतो, मागच्या चुकीची भरपाई. तिने साफ नकार दिला. म्हणाली, ‘‘सॉरीमध्ये नको छापूस. पुढचं गाणं येईल, त्याच्या परीक्षणात छाप. पहिल्या वाक्यात.’’

पुढचं गाणं रेकॉर्ड होतंय. पहिलं वाक्य मी लिहून ठेवलंय.